जमशेटजी टाटा

जमशेटजी नसरवानजी टाटा (जन्म : नवसारी, ३ मार्च १८३९, मृत्यू : बाड नाउहाइम, जर्मनी, १९ मे १९०४) हे भारतातील आधुनिक उद्योगांच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होते. नागपूरची एम्प्रेस गिरणी, कुर्ल्याची स्वदेशी गिरणी आणि मुंबईचे ताजमहाल हॉटेल ही त्यांनी हयातीत पूर्ण केलेली प्रमुख कामे होत. जमशेदपूरचा पोलाद कारखाना, लोणावळा-खोपोलीची जलविद्युत योजना आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ही कामे त्यांनी आखली, त्यांसाठी पैसा व वर्षे खर्ची घातली. पण त्यांतले एकही पूर्ण झालेले त्यांना पाहता आले नाही.

नामसाधर्म्यामुळे विद्यार्थी त्यांची गल्लत पुष्कळदा सर जमशेटजी जीजीभाई यांच्याशी करतात. जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलाशाळा ज्यांच्या देणगीतून उभ्या राहिल्या ते जीजीभाई टाटांच्या आधीच्या पिढीतले. दोघेही पारशी, दोघांचाही चीनशी व्यापार आणि दोघेही दाते, म्हणून गल्लत होणे स्वाभाविक आहे. परंतु दोघांच्या कार्यात एक मूलभूत फरक आहे. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत दानशूर व्यापाऱ्यांची वाण नव्हती. जीजीभाईंनी रुग्णालय दिले, प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा दिला. हे दान व्यापारातून मिळालेल्या नफ्याचे होते. व्यापार कसा चालतो याच्याशी त्याचा संबंध नव्हता. जमशेटजींनी दानही केले, पण त्यांचा वेगळेपणा दिसतो तो गिरणी कोठे बांधावी, यंत्र कोणते घ्यावे, हवा किती खेळती असावी, कामगार म्हातारा झाल्यावर त्याचे काय, अशा प्रश्नांची उत्तरे त्यांनी व्यवसायाच्या आतच शोधली, यात. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा अभ्यास भारतात जेथे जेथे होतो, तेथे त्यांचे नाव आरंभीच येते ते मुख्यतः यासाठी.

पूर्वायुष्य

नवसारी हे त्या काळी बडोदा संस्थानातील गाव आणि पारशी धर्मोपदेशकांचे एक मोठे केंद्र. टाटा घराणे पिढ्यान्‌पिढ्या धर्मोपदेशकांचे. जमशेटजींचे वडील नसरवानजी यांनी ही परंपरा सोडून मुंबईत व्यापार सुरू केला. आईचे नाव जीवनबाई. वयाच्या चौदाव्या वर्षी जमशेटजी मुंबईस आले आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले. १८५८ साली ग्रीन स्कॉलर म्हणून ते तेथून उत्तीर्ण झाले. हा दर्जा तेव्हाच्या पदवीच्या तोडीचा मानला जात असे. विद्यार्थिदशेतच हिराबाई दाबू यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोराबजी आणि रतनजी हे त्यांचे पुत्र. वाचनाची गोडी महाविद्यालयात लागली ती अखेरपर्यंत टिकली.

१८५९ मध्ये वडिलांच्या पेढीच्या कामासाठी ते हाँगकाँगला गेले. या पेढीचा चीनशी चालणारा व्यापार कापसाचा आणि अफूचा होता. ब्रिटिश अमलात अफूचा व्यापार कायदेशीर होता आणि मुंबईतील बहुतेक मोठ्या पेढ्या त्यात होत्या. तरीही टाटा घराण्याच्या आरंभीच्या भांडवलाचा एक भाग अफूतून आला ही वस्तुस्थिती गौरवग्रंथांत अनेकदा गाळली जाते. ती येथे नोंदवणे आवश्यक आहे.

१८६५ चे दिवाळे

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. बँका, भरणी कंपन्या आणि सट्टा यांचे पेव फुटले. एक भारतीय बँक लंडनमध्ये उघडावी या हेतूने जमशेटजी १८६४ च्या अखेरीस इंग्लंडला निघाले. ते तेथे पोहोचले आणि युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले, मुंबईतील पेढ्या धडाधड बुडाल्या आणि जमशेटजींच्या हाती ज्या हुंड्या होत्या त्या रद्दी ठरल्या.

पंचविशी नुकतीच ओलांडलेला हा तरुण परक्या शहरात देणेकऱ्याच्या भूमिकेत उभा होता. धनकोंना तोंड चुकवण्याऐवजी त्यांनी सगळा हिशेब त्यांच्यापुढे उघडा केला. त्याचा परिणाम असा झाला की त्यांच्याच पेढीच्या अवसायनाचे, म्हणजे देणी भागवून व्यवहार मिटवण्याचे, काम धनकोंनी त्यांच्याकडेच सोपवले आणि त्यासाठी त्यांना दरमहा २० पौंड वेतन लावून दिले. इकडे मुंबईत नसरवानजींनी स्थावर मालमत्ता विकून देणी भागवली.

हा प्रसंग केवळ सचोटीची कथा म्हणून सांगितला जातो. पण त्याचे व्यावहारिक फळही मोठे होते. पुढे भागधारकांपुढे खोट लपवून न ठेवण्याची जमशेटजींची जी पद्धत दिसते, तिचे मूळ बहुधा या दिवाळ्यात असावे.

१८६८ मध्ये २१,००० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. त्याच वर्षी अ‍ॅबिसिनियावर गेलेल्या ब्रिटिश फौजेला रसद पुरवण्याच्या मक्त्यात टाटा पितापुत्रांचा भाग होता आणि त्यातून झालेल्या नफ्याने घराणे पुन्हा सावरले. १८६९ मध्ये चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलगिरणी घेऊन त्यांनी तिची कापडगिरणी केली, तिला अलेक्झांड्रा हे नाव दिले आणि दोन वर्षांनी ती नफ्याने विकली. त्यानंतर ते पुन्हा इंग्लंडला गेले, या वेळी लँकेशायरच्या गिरण्या अभ्यासण्यासाठी.

एम्प्रेस गिरणी, नागपूर

गिरणी काढायची ती मुंबईत, असा तेव्हाचा संकेत होता. जमशेटजींनी तो मोडला. कापूस पिकतो विदर्भ-वऱ्हाडात, तो मुंबईला वाहून न्यायचा आणि कापड होऊन पुन्हा देशात पाठवायचे, या उलटसुलट वाहतुकीत पैसा आणि इंधन दोन्ही वाया जातात, हे त्यांनी ताडले होते. नागपुरास कापूस जवळ होता, १८६७ पासून रेल्वे होती, वरोऱ्याचा कोळसा फार दूर नव्हता आणि हातमागावर कापड विणणाऱ्यांची मोठी वस्ती होती. १८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भागभांडवलावर सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून काढण्यात आली. नागपुरातील एका सावकाराने, हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे असे समजून कर्ज नाकारले आणि पुढे, याने माती पुरून सोने काढले अशी कबुली दिली, ही आख्यायिका तेथे बराच काळ सांगितली जात असे.

१ जानेवारी १८७७ रोजी गिरणीचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली. गिरणीच्या नावाचा उगम हाच. आरंभी तेथे सुमारे ३०,००० चात्या आणि ४५० माग होते. व्यवस्थापक म्हणून बेझनजी दादाभाई मेहता यांना नेमण्यात आले. ते रेल्वेच्या मालवाहतूक विभागातून आलेले होते आणि गिरणीच्या कामाचा त्यांना गंधही नव्हता. जमशेटजींनी त्यांच्यातील कर्तबगारी हेरली. नेमणूक अचूक ठरली.

सुरुवात मात्र बरी झाली नाही. काटकसर म्हणून घेतलेली यंत्रे हलक्या प्रतीची निघाली, सूत खराब निघू लागले आणि भागांची किंमत घसरली. जमशेटजींनी यंत्रे बदलली. पुढे १८८३ च्या सुमारास रिंग पद्धतीची कताई ही नवी पद्धत त्यांनी नागपुरात करून पाहिली. लँकेशायरचे यंत्रनिर्मातेही तेव्हा या पद्धतीबद्दल साशंक होते. भारतातील गिरण्यांत ती रूढ होण्यास एम्प्रेसचा अनुभव कारणीभूत झाला.

कामगारांचा प्रश्न याहून अवघड होता. कोष्टी, महार आणि आसपासच्या खेड्यांतील शेतकरी समाजांतून आलेले हे लोक घड्याळाच्या ठोक्यावर काम करण्यास सरावलेले नव्हते. पेरणी-कापणीला, लग्नसराईला ते गावी जात. गैरहजेरीवर दंड करणे हा सर्वत्र चालणारा उपाय. बेझनजी आणि जमशेटजी यांनी नियमित येणाऱ्यांना बक्षिसे देण्याचा मार्ग धरला. आतील कोंदट उष्मा कमी व्हावा म्हणून हवा खेळती ठेवण्याची व आर्द्रता राखण्याची यंत्रे बसवली, आगीपासून बचावासाठी छतातून पाणी फवारणारी व्यवस्था केली. आर्द्र हवेत सूत कमी तुटते, म्हणून या यंत्रांचा लाभ मालालाही होता. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू झाला आणि १८९५ मध्ये अपघातात जायबंदी झालेल्यांना भरपाई देण्याची पद्धत आली. भारतात कामगार भरपाईचा कायदा १९२३ साली आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ साली झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या तरतुदींचे महत्त्व कळते. खुद्द इंग्लंडमध्येही भरपाईचा कायदा १८९७ चा आहे.

याच गिरणीत, सुरू झाली त्याच वर्षी, वेतनदरांच्या प्रश्नावर कामगारांनी संप केला. भारतातील गिरणी कामगारांच्या नोंद झालेल्या अगदी पहिल्या संपांत त्याची गणना होते. म्हणजे पुढील सुधारणा एखाद्या उदार मालकाच्या मनात आपोआप उगवल्या असे चित्र रंगवणे अपुरे आहे. कामगार गावी निघून जाऊ शकत होता, काम बंद पाडू शकत होता, हेही त्यामागचे कारण होते. कामाचे तास सर्वत्र दीर्घच होते. दिवे नसलेल्या गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना मज्जाव केला एवढेच. प्रौढ पुरुषांच्या तासांवर कापडगिरण्यांत पहिली मर्यादा आली ती १९११ मध्ये, तीही बारा तासांची. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून १८९० मध्ये आठवड्याची सुट्टी मिळवली. मालकाच्या बाजूने आलेली सुधारणा आणि कामगारांनी मिळवलेली सुधारणा, हे दोन्ही प्रवाह एकाच दशकातले आहेत आणि अभ्यासकाने ते शेजारी ठेवूनच वाचले पाहिजेत.

स्वदेशी गिरणी

१८८६ मध्ये कुर्ल्याची धरमसी गिरणी त्यांनी साडेबारा लाख रुपयांना विकत घेतली आणि तिचे नाव स्वदेशी ठेवले. स्वदेशी चळवळीला अजून जवळजवळ दोन दशकांचा अवकाश होता. मँचेस्टरहून येणाऱ्या तलम कापडाशी स्पर्धा करील असे बारीक सूत काढणे हा हेतू होता. यंत्रे जुनाट होती, कामगार मिळेनात, आणि भागांचे भाव उतरले. जमशेटजींनी स्वतःच्या मालमत्तेतून व एम्प्रेसमधील भाग विकून पैसा उभा केला, नागपूरहून माणसे आणवली आणि काही वर्षांत गिरणी सावरली.

बारीक सुताला लांब धाग्याचा कापूस लागतो. तो इजिप्तहून आणण्यापेक्षा भारतातच पिकवावा म्हणून त्यांनी प्रयोग केले आणि १८९६ मध्ये त्याविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याच वर्षी सरकारने भारतीय गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. जमशेटजींनी आकडेवारीनिशी त्याचा प्रतिवाद केला. सूत चीनला नेणाऱ्या परदेशी जहाज कंपन्यांची मक्तेदारी मोडण्यासाठी जपानी कंपनीच्या सहकार्याने त्यांनी १८९३ मध्ये स्वतंत्र नौकानयन सुरू केले, पण प्रतिस्पर्ध्यांनी भाडी पाडली आणि तो प्रयत्न फसला.

शिक्षण आणि विज्ञान संस्था

१८९२ मध्ये त्यांनी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता निधी स्थापन केला. आरंभी तो पारशी विद्यार्थ्यांपुरता होता. १८९४ पासून सर्व भारतीयांना खुला झाला. रक्कम दान म्हणून नव्हे, तर कर्ज म्हणून दिली जाई. परत आलेल्या पैशातून पुढचा विद्यार्थी जाई. पहिल्या लाभार्थींमध्ये दोन स्त्रिया होत्या, ही बाब त्या काळाचा विचार करता विशेष आहे : डॉ. फ्रेनी कामा आणि पुढे कोल्हापुरात वैद्यकीय सेवेने नावाजलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर.

१८९८ मध्ये त्यांनी संशोधनासाठी एक विद्यापीठ उभारण्याची योजना जाहीर केली आणि त्यासाठी मुंबईतील इमारती व जमिनी देऊ केल्या. त्यांचे मूल्य सुमारे ३० लाख रुपये, म्हणजे त्यांच्या संपत्तीचा जवळजवळ निम्मा भाग होता. बर्जोरजी पादशाह यांना त्यांनी युरोप-अमेरिकेतील संस्था पाहण्यास पाठवले. नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन भारतात पोहोचताच, ३१ डिसेंबर १८९८ रोजी, शिष्टमंडळ त्यांना भेटले. कर्झन यांच्या मनात दोन शंका होत्या : इतके प्रगत शिक्षण घेण्यास विद्यार्थी मिळतील का, आणि मिळाले तर त्यांना नोकऱ्या कोण देणार? दुसऱ्या शंकेचे उत्तर जमशेटजी पोलाद आणि वीज यांच्या रूपाने शोधतच होते. संस्थेला आपले नाव द्यावे असा आग्रह त्यांनी धरला नाही. रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी यांनी १९०० मध्ये पाहणी करून बंगळूरची शिफारस केली आणि म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन दिली. सरकारी मंजुरीला १९०९ साल उजाडले. १९११ मध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले. बंगळूरकर मात्र अजूनही तिला टाटा संस्था असेच म्हणतात.

पोलाद, नगर आणि वीज

१८८२ मध्ये एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे उत्तम लोहखनिज असल्याचे त्यात म्हटले होते. अडचण वरोऱ्याच्या कोळशाची होती, तो लोखंड वितळवण्याच्या कामाचा नव्हता. शिवाय खाणकामाचे सरकारी नियम जाचक होते. १८९९ मध्ये नियम सैल झाले तेव्हा जमशेटजी साठीचे झाले होते. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले, पोलादाचे कारखाने पाहिले आणि चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याला भारतात येण्यास राजी केले. पेरिन यांचे सहकारी वेल्ड १९०४ मध्ये येऊन चांद्याच्या रानात पाहणी करू लागले. तेथे पुरेसे काही हाती लागले नाही. शोध पुढे मयूरभंजकडे वळला तो प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे, आणि साकची या गावाजवळ १९०७ नंतर कारखाना उभा राहिला. १९१२ मध्ये तेथे पोलाद निघू लागले.

कारखान्याची जागाही ठरलेली नसताना, १९०२ मध्ये, जमशेटजींनी परदेशातून दोराबजींना लिहिलेल्या पत्रात कामगारांच्या नगराची कल्पना मांडली. रुंद रस्ते, लवकर वाढणारी सावलीची झाडे, हिरवळ व बागा, खेळांसाठी मोकळी मैदाने, आणि देवळे, मशिदी व चर्च यांसाठी राखून ठेवलेल्या जागा, असे त्याचे स्वरूप होते. गिरणगावातील चाळींची दाटी आणि १८९६ पासून मुंबईत थैमान घालणारा प्लेग ज्याने पाहिला, त्याला झाडे आणि मोकळी जागा ही चैन वाटली नाही, यात नवल नाही. १९१२ पासून या कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू झाला. साकचीला १९१९ मध्ये जमशेदपूर हे नाव मिळाले. मात्र ज्यांच्या गावांवर हे नगर वसले त्या आदिवासींचा त्याच्या आराखड्यात काही शब्द नव्हता, आणि १९२० व १९२८ मध्ये तेथेही मोठे संप झाले.

जलविद्युत योजनेचा संबंध थेट महाराष्ट्राशी आहे. मुंबईच्या गिरण्या दूरच्या बंगालमधून येणाऱ्या कोळशावर चालत. तो महाग पडे आणि धुराने शहर काळवंडे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस अडवून तो कोकणाच्या बाजूला खाली सोडला तर त्यातून गिरण्यांपुरती वीज निर्माण होईल, ही कल्पना अभियंता डेव्हिड गॉस्टलिंग यांनी मांडली आणि जमशेटजींनी ती उचलली. त्यांच्या मृत्यूनंतर १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे तलाव बांधण्यात आले आणि १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईला वीज मिळू लागली. धूर न ओकणारी, दरवर्षी पावसाने भरून निघणारी ही ऊर्जा आज शाश्वत व्यवसायाचे आद्य उदाहरण म्हणून अभ्यासली जाते.

परंतु याच योजनेचा पुढील टप्पा मुळशीचा. निळा-मुळा खोऱ्यातील मावळ्यांच्या सुपीक जमिनी आणि गावे धरणाखाली जाणार होती. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. धरण झालेच. ही घटना जमशेटजींच्या मृत्यूनंतरची असल्याने तिचा दोष त्यांच्याकडे जात नाही; मात्र त्यांच्या विचाराची एक उणीव ती दाखवून देते. कामगार, भागधारक, ग्राहक, विद्यार्थी या सर्वांचा विचार त्यांच्या योजनांत होता. ज्याची जमीन योजनेखाली जाते त्याचे म्हणणे ऐकण्याची व्यवस्था त्यांत नव्हती, आणि त्या काळच्या कायद्यातही ती नव्हती.

ताजमहाल हॉटेल

अपोलो बंदरावरील हे हॉटेल त्यांनी कंपनीच्या नव्हे, स्वतःच्या पैशातून बांधले. आराखड्याचे आरंभीचे काम रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे. १६ डिसेंबर १९०३ रोजी ते सुरू झाले. एका युरोपीय हॉटेलात प्रवेश नाकारला गेल्याच्या रागातून जमशेटजींनी ते बांधले ही कथा लोकप्रिय आहे. तिला भक्कम आधार नाही.

मृत्यू

१९०० नंतर त्यांची प्रकृती ढासळत गेली. मार्च १९०४ मध्ये हिराबाईंचे निधन झाले. उपचारासाठी जर्मनीत गेले असता १९ मे १९०४ रोजी बाड नाउहाइम येथे जमशेटजींचा मृत्यू झाला. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथील पारशी दफनभूमीत त्यांची समाधी आहे. अपुऱ्या राहिलेल्या योजना दोराबजी, रतनजी, आप्त रतनजी दादाभाई टाटा आणि बर्जोरजी पादशाह यांनी पुढे नेल्या.

अभ्यास आणि मूल्यमापन

कंपनी आणि समाज यांच्या नात्याचा अभ्यास विद्यापीठांतून होण्यास टाटा घराण्याचा पैसा बराच कारणीभूत झाला. सर रतनजी यांच्या देणगीतून १९१२ च्या सुमारास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दारिद्र्याच्या अभ्यासासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याचे पहिले संचालक आर. एच. टॉनी यांनी किमान वेतनाच्या परिणामांचा अभ्यास तेथे केला. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचे राष्ट्रीय केंद्र २०११ मध्ये याच संस्थेत सुरू झाले.

जमशेटजींविषयीचे लेखन दोन टोकांत विभागलेले आढळते. एका बाजूला चरित्रकारांचा गौरव, दुसऱ्या बाजूला कामगार-इतिहासकारांची टीका. ही टीका अशी की कल्याणकारी सोयी म्हणजे मालकाने पित्याची भूमिका घेणे होय. त्यात कामगाराला लाभ मिळतो, हक्क मिळत नाही. टीका दुर्लक्षिण्याजोगी नाही. तथापि निवृत्तिवेतन निधी आणि अपघात भरपाई यांना ती पुरती लागू पडत नाही, कारण मालकाच्या मर्जीवर सोडलेली खैरात आणि नियमाने बांधलेला निधी यांत अंतर आहे. बक्षिसांना ती अधिक लागू पडते.

आकड्यांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. २०२१ मध्ये एका पाहणीने जमशेटजींना शतकातील सर्वांत मोठा दाता ठरवून दानाची रक्कम १०,२४० कोटी डॉलर सांगितली. हा आकडा टाटा सन्समधील न्यासांच्या भागांच्या आजच्या किमतीवर बेतलेला आहे. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग न्यासांकडे आहेत हे खरे. पण ते प्रामुख्याने दोराबजी व रतनजी या पुत्रांच्या न्यासांमुळे. जमशेटजींनी स्वतः काय दिले हे पाहायचे तर बंगळूरच्या संस्थेसाठी काढून ठेवलेली निम्मी मालमत्ता पाहावी. ती कोणत्याही भाववाढीविना पुरेशी बोलकी आहे.

भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपलीकडील कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. या कायद्याच्या चर्चेत जमशेटजींचा दाखला नेहमी दिला जातो. गंमत अशी की व्यवसायाच्या नेहमीच्या व्यवहाराचा भाग असलेले काम आणि केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभाचा खर्च या दोन टक्क्यांत धरला जात नाही. त्या मोजपट्टीने एम्प्रेसची हवा खेळवणारी यंत्रे, तिचा निवृत्तिवेतन निधी, अपघात भरपाई, खोपोलीची वीज यांपैकी काहीच सामाजिक उत्तरदायित्व ठरणार नाही. विद्यार्थ्यांचा निधी आणि विज्ञान संस्था तेवढ्या ठरतील. कायद्याची ही रचना निष्कारण नाही, कामगारांचे हक्क इतर कायद्यांनी सांभाळायचे असतात. पण नफा कसाही मिळवावा आणि त्याचे दोन टक्के नंतर वाटावेत असा अर्थ काढणाऱ्यांनी जमशेटजींचा दाखला देताना विचार करावा.

स्मृती

जमशेदपुरात ३ मार्च हा संस्थापक दिन म्हणून पाळला जातो. भारतीय टपाल खात्याने १९६५ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. नागपूरची एम्प्रेस गिरणी शतकाहून अधिक काळ चालली. टाटांच्या हातून ती सरकारकडे गेली आणि पुढे कायमची बंद पडली. तिच्या जागेवर आता व्यापारी संकुल आहे. नावात तेवढा एम्प्रेस हा शब्द राहिला आहे.